न्यूयॉर्कच्या विद्यापीठातले मोफत शिक्षण कोणी संपवले?

उच्च शिक्षणाचा विषय निघाला की सत्तेत कोणताही पक्ष असो, एक वाक्य हमखास ऐकू येते : सरकारकडे पैसा नाही. मग पुढचे सगळे ओघानेच येते. विद्यापीठांनी आपला खर्च आपण भागवावा, विद्यार्थ्यांनी थोडा भार उचलावा, आणि गरिबांसाठी शिष्यवृत्ती आहेच की! हे बोलणे इतके हिशेबी आणि समजूतदार वाटते की त्यावर प्रश्न विचारणाराच अव्यवहारी ठरतो.

आंबेडकरी तरुणांनी हा प्रश्न तरीही विचारला पाहिजे, आणि नेमका विचारला पाहिजे. पैसा संपला हे कोणी ठरवले? कोणत्या वर्षी ठरवले? आणि त्या वर्षी वर्गात कोण येऊन बसले होते?

या तीन प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी आज आपण न्यूयॉर्क शहरात जाणार आहोत. भांडवलशाहीच्या त्या राजधानीत एक सार्वजनिक विद्यापीठ सलग १२९ वर्षे फी न घेता चालले, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसेल. महामंदी आली, दोन महायुद्धे आली, तरी ते मोफतच राहिले. १९७६ साली मात्र ते परवडेनासे झाले. असे का झाले, हे समजून घेणे आपल्या लढाईसाठी गरजेचे आहे.

गरिबांचे कॉलेज

१८४७ साली न्यूयॉर्कच्या मतदारांनी सार्वमत घेऊन एक ठराव मंजूर केला. शहराच्या खर्चाने एक उच्च शिक्षणाची संस्था उभी करायची आणि तिथे फी घ्यायची नाही. शहराच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष टाऊनसेंड हॅरिस या मागणीच्या अग्रभागी होते. १८४९ साली ‘फ्री अकॅडमी’ या नावाने ती संस्था सुरू झाली. पुढे तिचे नाव सिटी कॉलेज झाले. १८७० साली शिक्षिका घडवण्यासाठी मुलींची स्वतंत्र संस्था निघाली, तीच आजचे हंटर कॉलेज. १९३० साली ब्रुकलिन कॉलेज आणि १९३७ साली क्वीन्स कॉलेज आले. म्हणजे जगभर महामंदी असताना या शहराने मोफत कॉलेजे बंद केली नाहीत, उलट नवी काढली. १९६१ साली या सगळ्या कॉलेजांचे मिळून एक विद्यापीठ झाले : सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्क. तिकडे सगळे त्याला ‘क्युनी’ म्हणतात.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या कॉलेजांत प्रामुख्याने कोण शिकले? पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांची मुले. शिवणकामाच्या कारखान्यात राबणाऱ्यांची, फेरीवाल्यांची मुले. नामांकित खासगी विद्यापीठे त्या काळात ज्यू विद्यार्थ्यांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी नाना युक्त्या करत होती. या मुलांना सिटी कॉलेजचे दार उघडे होते. पोलिओची लस शोधणारे जोनास साल्क हे कपड्याच्या धंद्यात राबणाऱ्या स्थलांतरित कुटुंबातले, १९३४ चे सिटी कॉलेजचे पदवीधर. अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे केनेथ अ‍ॅरो तिथलेच. ही मुले फी भरून शिकली नाहीत, शहराच्या करावर शिकली. आणि त्याची परतफेड त्यांनी साऱ्या जगाला केली.

इथे बाबासाहेबांचा धागा जुळतो. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. सिटी कॉलेज १९०७ सालीच हार्लेममधल्या टेकडीवर आले होते. कोलंबियापासून उत्तरेकडे चालत निघाले तर साधारण अर्ध्या तासाचे अंतर. एका बाजूला श्रीमंतांचे खासगी विद्यापीठ, तर दुसऱ्या बाजूला मजुरांच्या मुलांचे मोफत कॉलेज. बाबासाहेब बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर शिकत होते : महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. या शिष्यवृत्तीकडे आपण पुन्हा येणार आहोत.

दाराबाहेर उभे असलेले

मोफत म्हणजे सर्वांसाठी असे मात्र नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कची वस्ती बदलली. दक्षिणेतल्या वंशभेदी राज्यांतून कृष्णवर्णीय आले. पोर्तो रिकोहून लाखो लोक आले. त्यांच्या मुलांच्या वाट्याला शहरातल्या सगळ्यात निकृष्ट शाळा आल्या. दुसरीकडे विद्यापीठात जागा मर्यादित असल्यामुळे प्रवेशासाठी लागणारे गुण चढत गेले. परिणाम काय झाला? हार्लेमसारख्या कृष्णवर्णीय वस्तीच्या मधोमध उभ्या असलेल्या सिटी कॉलेजात १९६० च्या दशकात बहुसंख्य विद्यार्थी गोरे होते. वस्तीतल्या माणसाने त्या इमारती रोज पाहायच्या, पण आत आपले पोर नाही! चवदार तळ्याच्या काठावर राहून पाण्याला हात न लावू शकलेल्या समाजाला हे चित्र वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

साठच्या दशकाच्या मध्यावर ‘सीक’ नावाचा एक छोटा कार्यक्रम सुरू झाला. गुणांच्या यादीत मागे पडलेल्या, पण शिकू इच्छिणाऱ्या वंचित मुलांना प्रवेश, जादा शिकवणी आणि थोडा निर्वाहभत्ता. ऑड्री लॉर्ड, जून जॉर्डन, टोनी केड बंबारा, एड्रिएन रिच अशा कवयित्री-लेखिका तिथे शिकवत होत्या. पण जागा थोड्या होत्या. त्यातच राज्याच्या अर्थसंकल्पात कपातीची टांगती तलवार आली.

२२ एप्रिल १९६९ रोजी कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन विद्यार्थ्यांनी सिटी कॉलेजच्या दक्षिण परिसराचा ताबा घेतला. दोन आठवडे परिसर त्यांच्या हातात होता. त्यांच्या पाच मागण्या होत्या. कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन अभ्यासाची स्वतंत्र शाखा. नव्या विद्यार्थ्यांसाठी वेगळे मार्गदर्शन. ‘सीक’च्या कारभारात विद्यार्थ्यांचा आवाज. शिक्षक होणाऱ्या प्रत्येकाला स्पॅनिश भाषा आणि या समाजांचा इतिहास सक्तीचा. आणि सर्वांत महत्त्वाची मागणी : शहराच्या शाळांत आमच्या समाजाचे जेवढे प्रमाण आहे, तेवढेच प्रमाण कॉलेजच्या प्रवेशात दिसले पाहिजे.

मित्रांनो, ही प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची मागणी आहे. बाबासाहेबांनी साउथबरो समितीपासून घटना समितीपर्यंत जे मांडले, त्याच तत्त्वाचा हा अमेरिकन अवतार. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९७२ साली, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेऊन मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हेही लक्षात असू द्या.

दार उघडले

या लढ्यामुळे विद्यापीठाला हलावे लागले. ‘खुला प्रवेश’ ही योजना कागदावर १९७५ साठी होती. ती पाच वर्षे अलीकडे आणून १९७० सालीच लागू केली गेली. शहराच्या शाळेतून बारावी पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला क्युनीच्या कोणत्या तरी कॉलेजात जागा, आणि फी शून्य. पहिल्याच वर्षी नव्या विद्यार्थ्यांची संख्या सुमारे ३५ हजारांवर गेली. आदल्या वर्षापेक्षा ती जवळपास पाऊणपट जास्त होती.

वंचित वस्त्यांत नवी कॉलेजे उघडली. साउथ ब्राँक्समध्ये, एका जुन्या टायर कारखान्याच्या इमारतीत, होस्टोस कॉलेज सुरू झाले. तिथे स्पॅनिश भाषिकांना स्पॅनिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून शिकता येत होते. ब्रुकलिनच्या कृष्णवर्णीय वस्तीत मेडगर एव्हर्स कॉलेज निघाले. १९६३ साली गोऱ्या वर्णवर्चस्ववाद्याने गोळी घालून मारलेल्या नागरी हक्क कार्यकर्त्याचे हे नाव.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. लढा कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन विद्यार्थ्यांनी केला, पण खुल्या प्रवेशाचा फायदा केवळ त्यांना झाला नाही. इटालियन, आयरिश अशा गोऱ्या कामगार कुटुंबांतली हजारो मुले या योजनेमुळे आपल्या घराण्यात पहिल्यांदा कॉलेजात गेली. वंचितांनी मागितलेला हक्क सगळ्या गरिबांचा झाला. आपल्याकडे बाबासाहेबांनी संविधानात जे लिहिले त्याचा लाभ घेऊन पुन्हा त्यांनाच नावे ठेवणारे किती आहेत, हे तुम्हाला सांगायला नको.

आणि मग ‘गुणवत्ता’वाले बाहेर आले. विद्यापीठाचा दर्जा घसरला, पदवीची किंमत गेली, अशी ओरड सुरू झाली. अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो अ‍ॅग्न्यू यांनी १९७० साली खुल्या प्रवेशावर जाहीर हल्ला चढवला. याच अ‍ॅग्न्यू यांना १९७३ साली करचुकवेगिरीच्या प्रकरणात पद सोडावे लागले. गुणवत्तेची काळजी वाहणाऱ्यांची स्वतःची गुणवत्ता अशी असते!

दुसरीकडे काही शिक्षक शांतपणे काम करत होते. मिना शॉनेसी या प्राध्यापिका मागासलेल्या शाळांतून आलेल्या मुलांचे हजारो निबंध वाचत होत्या. त्यांच्या चुकांमागेही एक तर्क असतो, तो समजून घेतला तर मूल लिहायला शिकते, असे त्यांनी दाखवून दिले. १९७७ साली त्यावरचे त्यांचे पुस्तक आले. मुलांना नापास ठरवण्यापेक्षा शिकवणे कठीण असते. त्यासाठी लहान वर्ग लागतात, जास्त शिक्षक लागतात, म्हणजे पैसा लागतो. नेमका तोच काढून घेतला गेला.

तिजोरी बंद झाली

१९७५ साली न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर आले. हे संकट खोटे नव्हते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. कारखाने शहर सोडून गेले होते. मध्यमवर्गीय गोरे उपनगरांत राहायला गेले होते, त्यांच्याबरोबर त्यांचा करही गेला. शहर रोजचा खर्च अल्पमुदतीच्या कर्जावर भागवत होते. १९७५ च्या वसंतात बँकांनी शहराचे कर्जरोखे खपवायला नकार दिला आणि सगळा डोलारा कोसळला.

प्रश्न संकट खरे की खोटे हा नाही. प्रश्न असा आहे की संकटाचे बिल कोणाच्या नावावर फाडले गेले?

शहराचा कारभार निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या हातातून काढून आर्थिक नियंत्रण मंडळाकडे गेला. त्यावर उद्योगजगतातली माणसे बसली. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी २९ ऑक्टोबर १९७५ च्या भाषणात शहराला मदत नाकारली. त्या भाषणात शहराच्या उधळपट्टीची जी उदाहरणे त्यांनी मोजली, त्यात एक होते हे मोफत विद्यापीठ. पुढे केंद्राने कर्ज दिले, पण कठोर अटींवर. १२९ वर्षे जी या शहराची शान होती, ती एका भाषणात चैन ठरली.

काळ पाहा. त्याच सुमारास क्युनीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात गोरेतर विद्यार्थी इतिहासात पहिल्यांदा बहुसंख्य होत होते. गोऱ्या मजुरांची मुले शिकत होती तोवर मोफत शिक्षण ही गुंतवणूक होती. काळी-सावळी मुले बहुसंख्य होऊ लागली तेव्हा तीच उधळपट्टी झाली. कोणी बंद खोलीत बसून तसा कट केला होता, असे म्हणण्याची गरज नाही. व्यवस्थेला कटाची गरज नसते. संकटाच्या वेळी कोणाचे हक्क ‘परवडत नाहीत’ असे सहज वाटते, यातूनच तिची मानसिकता दिसते. जातिव्यवस्थाही अशीच चालते.

विद्यापीठाने कपात कशी पचवली?

इथे थोडे बारकाईने पाहू, कारण हीच हत्यारे आज आपल्याविरुद्ध वापरली जात आहेत.

पहिले हत्यार, माणसे कमी करणे. नोकरकपातीत हजारो शिक्षक-कर्मचारी गेले. खुल्या प्रवेशामुळे ज्यांची नुकतीच भरती झाली होती ते तरुण, कृष्णवर्णीय, पोर्तो रिकन शिक्षक आणि स्त्रिया. शेवटी आलेला आधी बाहेर, हा नियम वरवर निःपक्षपाती. पण ज्यांना आत येऊच उशिरा दिले, ते शेवटी आलेले असणारच ना?

दुसरे हत्यार, दुबळ्यांच्या संस्थांवर घाव. कुलपती रॉबर्ट किबी यांनी १९७६ च्या सुरुवातीला पुनर्रचनेचा प्रस्ताव आणला. होस्टोस दुसऱ्या कॉलेजात विलीन करायचे. मेडगर एव्हर्सचा दर्जा वरिष्ठ कॉलेजावरून खाली आणून दोन वर्षांच्या कॉलेजाचा करायचा. किबी हे काही खलनायक नव्हते, मोफत शिक्षणाचा त्यांनी बचावही केला होता. पण वरून कपात आली की चांगला प्रशासकही कमीत कमी आवाज होईल तिथे सुरी चालवतो.

तिसरे, प्रवेशाचे निकष कडक करण्याचे प्रयत्न. दार बंद केले असे म्हणायचे नाही, फक्त उंबरठा उंच करायचा.

चौथे, फी. मे १९७६ च्या अखेरीस विद्यापीठाकडे पगाराला पैसे उरले नाहीत आणि संपूर्ण क्युनी सुमारे दोन आठवडे बंद राहिली. अमेरिकेतले एक सर्वांत मोठे विद्यापीठ, ऐन परीक्षांच्या काळात कुलूपबंद! राज्य सरकारची मदत हवी असेल तर फी लावा, हाच सौदा होता. जूनमध्ये उच्च शिक्षण मंडळाने मान तुकवली. मंडळाच्या काही सदस्यांनी फी लावण्यापेक्षा राजीनामा पत्करला. १८४७ मध्ये लोकांनी मतदानाने दिलेला हक्क १९७६ मध्ये लोकांना न विचारता गेला.

पाचवे हत्यार हळूहळू आले आणि आजही चालू आहे : पूर्णवेळ प्राध्यापकांच्या जागी तासावर शिकवणारे. क्युनीत आज अध्यापनाचा मोठा हिस्सा अशा शिक्षकांच्या खांद्यावर आहे. आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांनी हे वाचून ओळखीचे हसू हसावे.

परिणाम काय झाला? पुढच्या काही वर्षांत क्युनीची विद्यार्थीसंख्या सुमारे ६२ हजारांनी घसरली. एवढ्या मुलांना कोणीही हाकलले नव्हते. ती फक्त आली नाहीत.

‘गरिबांसाठी मदत आहेच की!’

फीचे समर्थन करणाऱ्यांचा सगळ्यात बिनतोड वाटणारा मुद्दा हा होता. श्रीमंताला फुकट का शिकवायचे? फी लावा आणि गरिबाला शिष्यवृत्ती द्या. न्यूयॉर्क राज्याने १९७४ सालीच ‘टॅप’ नावाची शिक्षण सहाय्य योजना आणली होती. अनेक गरीब विद्यार्थ्यांची फी तिच्यातून भरली गेली, हे खरे आहे. मग तक्रार कशाची?

तक्रार अशी की टॅप पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी होती. दिवसा नोकरी करून संध्याकाळी एक-दोन विषय घेणारी आई, मुदतीत अभ्यासक्रम पूर्ण करू न शकणारा कामगार, कागदपत्रे जमवू न शकणारा स्थलांतरित यांना त्या मदतीचा उपयोग नव्हता. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त गरज, तेच बाहेर. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग भरवले. कष्टकऱ्याचे वेळापत्रक आणि कॉलेजचे वेळापत्रक जुळले पाहिजे, हे त्यांना कळत होते. टॅपच्या नियमांना कळले नाही.

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. मोफत शिक्षणात विद्यार्थी नागरिक म्हणून दारातून आत जातो. फी आणि शिष्यवृत्तीच्या व्यवस्थेत तो अर्जदार होतो. त्याला आपली गरिबी सिद्ध करावी लागते, दरवर्षी, शिक्का मारून. आणि अर्जदाराला नाकारणे, त्याचा हप्ता लांबवणे, नियम बदलणे फार सोपे असते. मोफत शिक्षण रद्द करायला जाहीर ठराव लागतो, त्याची बातमी होते, त्यावर राजीनामे पडतात. शिष्यवृत्ती आटवायला एक परिपत्रक पुरते.

आता बाबासाहेबांची शिष्यवृत्ती आठवा. कोलंबियानंतर ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन. आणि १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अर्धवट अभ्यास सोडून त्यांना परतावे लागले. पुन्हा लंडन गाठायला १९२० साल उजाडले. सयाजीराव महाराजांचे उपकार आपण विसरत नाही. पण जगातल्या एका असामान्य बुद्धीच्या माणसाचे शिक्षणही मुदत संपताच तीन वर्षे अडकून पडले, तर सामान्य घरातल्या मुलीचे काय होत असेल?

बाबासाहेबांचा हिशेब

म्हणूनच १९२७ साली मुंबई कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी शिक्षणाचा मुद्दा आकडे घेऊन मांडला. कला महाविद्यालयांच्या खर्चापैकी सुमारे ३६ टक्के, हायस्कुलांच्या ३१ टक्के आणि माध्यमिक शाळांच्या २६ टक्के रक्कम सरकार फीतून वसूल करते, हे त्यांनी सभागृहाला दाखवले आणि याला शिक्षणाचे व्यापारीकरण म्हटले. शिक्षण खाते हे देवाणघेवाणीच्या तत्त्वावर चालवायचे खाते नाही, शिक्षण होईल तितके स्वस्त केले पाहिजे, आणि खालच्या वर्गांसाठी तर विशेषकरून, ही त्यांची भूमिका होती. सरकार दारूच्या अबकारी करातून माणशी किती वसूल करते आणि शिक्षणावर माणशी किती खर्च करते, याची तुलनाही त्यांनी केली. शिक्षणावरचा आकडा निम्म्याहूनही कमी होता.

बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते. ‘पैसा नाही’ हे उत्तर त्यांनी कधी जसेच्या तसे स्वीकारले नाही. पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, हे ते विचारत.

आता हाच प्रश्न आपल्या देशाला विचारू. १९९० साली मंडल आयोगाच्या अंमलबजावणीची घोषणा झाली, १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी आरक्षण वैध ठरवले. त्याच १९९२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने न्यायमूर्ती पुन्नय्या समिती नेमली. तिची शिफारस काय? विद्यापीठांनी पाच वर्षांत खर्चाच्या १५ टक्के आणि दहा वर्षांत किमान २५ टक्के रक्कम स्वतः उभी करावी. उदारीकरणाचा काळ होता, तिजोरीवर ताण होता, हे सगळे मान्य. पण न्यूयॉर्कचा इतिहास वाचलेल्या माणसाला ही वेळ ओळखीची वाटल्याशिवाय राहत नाही.

महाराष्ट्रात तर विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांची वाट १९८३ सालीच मोकळी झाली होती. पुढे ‘कायम विनाअनुदानित’ हा शब्दप्रयोग आला. वाक्य नीट वाचा : कायम, विना, अनुदानित. सरकारने जबाबदारी कायमची सोडल्याचा तो कबुलीजबाब आहे. २०१७ पासून केंद्रीय संस्थांना इमारती-प्रयोगशाळांसाठी अनुदानाऐवजी ‘हेफा’मार्फत कर्ज घ्या, असे सांगितले जाऊ लागले. कर्ज फेडायचे कुठून? शेवटी बोट फीकडेच जाते.

आणि शिष्यवृत्ती? मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना. आपल्या तीन पिढ्या तिच्यावर शिकल्या. आज तिचे पैसे वर्ष संपले तरी येत नाहीत आणि तोवर कॉलेज परीक्षेचा अर्ज अडवून धरते, हा अनुभव वसतिगृहातल्या कोणत्याही मुलाला विचारा. २०१८ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतल्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांची फीमाफी काढून घेतली गेली तेव्हा मुंबई, तुळजापूरसह चारही परिसरांत विद्यार्थी संपावर गेले. कारण त्यांना कळले होते : फी आधी भरा, शिष्यवृत्ती मागून येईल, हे वाक्य गरिबासाठी प्रवेशबंदीच असते.

राखले ते लढून राखले

न्यूयॉर्कच्या इतिहासात केवळ पराभव नाही. १९७६ च्या वसंतात होस्टोस कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी आणि साउथ ब्राँक्सच्या रहिवाशांनी इमारतीचा ताबा घेतला. मोर्चे काढले, आमदारांना धरले. होस्टोस वाचले. ते आजही सुरू आहे. मेडगर एव्हर्सने आपला वरिष्ठ कॉलेजाचा दर्जा १९९४ साली परत मिळवला. १९८९ साली विद्यार्थ्यांनी क्युनीच्या इमारती ताब्यात घेतल्या तेव्हा गव्हर्नर मारिओ क्युमो यांना फीवाढीवर नकाराधिकार वापरावा लागला. जिथे लोक उभे राहिले, तिथे ‘पैसा नाही’ म्हणणाऱ्यांना पैसा सापडला.

आणि दर्जाचे काय झाले? संशोधक पॉल अ‍ॅटवेल आणि डेव्हिड लॅव्हिन यांनी खुल्या प्रवेशाच्या काळात क्युनीत आलेल्या स्त्रियांचा तीस वर्षांनी मागोवा घेतला. त्यांच्यापैकी सत्तर टक्क्यांहून अधिक जणींनी कधी ना कधी पदवी मिळवलीच होती. अनेकींनी नोकरी आणि मुले सांभाळत, मध्ये खंड पाडत. त्याचा लाभ त्यांच्या मुलांच्या शिक्षणातही दिसला. २००७ साली क्युनीने दोन वर्षांच्या कॉलेजांत ‘असॅप’ हा कार्यक्रम सुरू केला. फीतली तूट भरून देणे, पुस्तकांना मदत, प्रवासाचा पास आणि सतत मार्गदर्शन करणारा माणूस. तीन वर्षांत पदवी घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेले. मुलांमध्ये गुणवत्ता नव्हती, की व्यवस्थेने बसचा पास दिला नव्हता? उत्तर आकड्यांनीच दिले आहे.

आपण काय करायचे?

एक, अर्थसंकल्प वाचायला शिका. आपल्या विद्यापीठाचे उत्पन्न किती अनुदानातून, किती फीतून, हे प्रमाण दहा वर्षांत कसे बदलले, ते माहितीच्या अधिकारात काढा. बाबासाहेबांनी १९२७ साली केले तेच काम आज प्रत्येक विद्यापीठासाठी व्हायला हवे.

दोन, शिष्यवृत्तीसाठी लढाच, पण मागणी तिथे थांबवू नका. शिष्यवृत्ती वेळेवर द्या ही आजची मागणी आहे. सार्वजनिक विद्यापीठात फीच नको, ही आपली मूळ मागणी असली पाहिजे. आरक्षण दारात प्रवेश देते, पण त्या दारावर किंमत लावली तर आरक्षित जागा कागदावर राहते आणि वर्गात बाक रिकामा राहतो.

तीन, तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचा प्रश्न आपला समजा. कायम जागा भरल्या जात नाहीत तेव्हा आरक्षणाची बिंदुनामावलीही झोपलेली असते.

चार, इतर गरिबांना सोबत घ्या. क्युनीतून गेलेल्या त्या ६२ हजारांत केवळ कृष्णवर्णीय नव्हते, गोऱ्या मजुरांची मुलेही होती. दुसऱ्याचा हक्क जातोय म्हणून ज्यांना बरे वाटले, त्यांच्याही मुलांची फी वाढली. कुणबी, माळी, धनगर, मुस्लिम, मराठा शेतमजुराच्या पोराला ही गोष्ट सांगा. त्याला ती समजेल, कारण फीची पावती त्याच्याही खिशात आहे.

पुढच्या वेळी कोणी ‘सरकारकडे पैसा नाही’ म्हणाले, तर वाद घालण्याआधी शांतपणे तारीख विचारा. पैसा होता तेव्हा वर्गात कोण होते आणि संपला तेव्हा कोण होते?

जय भीम!